स्ट्रोकच्या उपचारानंतर मेंदूचे स्कॅन: कुठल्या तासाला, कुठल्या दिवशी काय दिसतं आणि त्यातून काय समजायचं

मी सीटी-एमआरआय टेक्निशियन आहे, चौदा वर्षं झाली या लाइनीत. डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर उद्या कुणीतरी म्हणायचं की तुम्ही लिहिलं होतं म्हणून गोळी बंद केली. पण काचेच्या या बाजूला बसून एवढे मेंदू बघितलेत आणि दाराबाहेर उभ्या असलेल्या नातेवाइकांचं "काय आलं हो?" एवढ्या वेळा ऐकलंय की कधीतरी हे लिहायचंच होतं. आम्हाला दारात काही सांगता येत नाही, "रिपोर्ट डॉक्टर सांगतील" एवढंच म्हणायचं असतं. मग गेल्या वर्षी माझ्याच मामांना झटका आला आणि मी दाराच्या त्या बाजूला उभा राहिलो, हातात फिल्मचं पाकीट, आणि तेव्हा कळलं की लोकांना नेमकं काय कळत नाही.

लोकांना वाटतं स्कॅन म्हणजे निकाल. डाग दिसला की वाईट, नाही दिसला की बरं. तसं नाहीये. स्कॅन म्हणजे त्या मिनिटाचा फोटो. तोच पांढरा ठिपका दोन तासांनी दिसला तर एक अर्थ, चोवीस तासांनी दुसरा, दहाव्या दिवशी तिसरा आणि तिसऱ्या महिन्यात चौथा. म्हणून कुठलाही रिपोर्ट हातात आला की पहिला प्रश्न एकच, हा झटक्यापासून किती वेळाने काढलाय? बाकी सगळं त्याच्यानंतर.

खाली जे लिहितोय ते गुठळी अडकून होणाऱ्या स्ट्रोकबद्दल, ज्याला इस्केमिक म्हणतात. रक्तवाहिनी फुटून होतो तो वेगळा, त्याचे स्कॅनही वेगळे वाचायचे.

पायरी १: आधी वेळ लिहा, मग गाडी काढा

मामा सकाळी पावणेसातला चहा प्यायले, पेपर चाळला, मग दाढीला बसले आणि सात-पाचला रेझर हातातून सिंकमध्ये पडला. मामी आत आल्या तर तोंड वाकडं, उजवा हात लोंबतोय आणि बोलायला गेले तर नुसतं "त त त". मामींनी साखरेचं पाणी आणलं (हे करू नका, गिळता येत नसतं तेव्हा ते सरळ फुफ्फुसात जातं) पण एक गोष्ट त्यांनी फार भारी केली, कॅलेंडरवर पेन्सिलीनं ७.०५ लिहिलं. का लिहिलं विचारलं तर म्हणाल्या, दूधवाल्याचा हिशोब तिथेच लिहिते, हात तिकडेच गेला.

त्या पेन्सिलीच्या आकड्यावर पुढचे सगळे निर्णय झाले. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत देतात. १९९५ च्या अमेरिकन ट्रायलमध्ये ही मर्यादा तीन तास होती, २००८ मध्ये युरोपातल्या ट्रायलनंतर साडेचार झाली. आणि घड्याळ तुमच्या लक्षात आलं तेव्हापासून सुरू होत नाही, माणूस शेवटचा ठणठणीत दिसला तेव्हापासून होतं. झोपेतून उठतानाच हात हलत नसेल तर घड्याळ रात्री झोपल्यापासूनचं. तरी अशा वेळी हताश होऊ नका, त्यावर एमआरआयची एक युक्ती आहे, ती खाली येते.

१०८ ला फोन करताना आणि हॉस्पिटल निवडताना विचारा की चोवीस तास सीटी आहे का आणि गुठळी तारेने काढायची सोय, म्हणजे कॅथलॅब, आहे का. जवळ आहे म्हणून सीटी नसलेल्या नर्सिंग होममध्ये नेऊन सलाइन लावून घेण्यात तास जातो, हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता राग पण येत नाही. मोठी वाहिनी बंद असली की सरासरी मिनिटाला १९ लाख पेशी मरतात असा हिशोब २००६ मध्ये मांडला गेला होता. तुमचा तास म्हणजे किती ते तुम्हीच करा.

पायरी २: पहिला सीटी, आणि तो "नॉर्मल" आला तर काय

पहिला साधा सीटी डाग शोधायला काढतच नाहीत. तो काढतात रक्तस्राव नाहीये ना हे बघायला, कारण रक्तस्राव असताना गुठळीचं इंजेक्शन दिलं तर संपलंच. ताजं रक्त सीटीवर पांढरं चमकतं, लगेच कळतं. उलट गुठळीच्या स्ट्रोकमध्ये पहिल्या दोन-तीन तासात सीटी जवळजवळ नॉर्मल दिसू शकतो. तेव्हा "सीटी नॉर्मल आहे, म्हणजे स्ट्रोक नाही, गॅस असेल" असं कुणी म्हणालं तर तिथे वाद घालायची वेळ आहे.

नॉर्मल वाटणाऱ्या सीटीतही बारीक खुणा असतात. मेंदूचा राखाडी आणि पांढरा भाग यांच्यातली रेघ पुसट होते, आम्ही स्क्रीनची विंडो अरुंद करून बघतो, रुंदी ८० च्या ऐवजी ४० च्या आसपास, मग फरक दिसायला लागतो. मामांच्या सीटीत डाव्या बाजूला एक बारीक पांढरा दोरा दिसत होता, उजव्या बाजूला नव्हता. ती गुठळीच, वाहिनीत बसलेली.

मग रिपोर्टमध्ये अ‍ॅस्पेक्ट्स नावाचा आकडा येतो. कॅनडातल्या कॅलगरीच्या टीमने २००० साली काढलेली पद्धत आहे. मधल्या मोठ्या वाहिनीच्या हद्दीचे दहा भाग पाडायचे आणि बिघडलेल्या प्रत्येक भागाचा एक मार्क कापायचा. १० म्हणजे अजून काही बिघडलेलं दिसत नाही, शून्य म्हणजे सगळं. मामांचे ८ आले. शाळेच्या पेपरसारखंच वाचायचं, जास्त ते चांगलं.

त्याच टेबलवर डाय (वाहिन्या स्कॅनवर उठून दिसाव्यात म्हणून रक्तात सोडायचं औषध) सोडून अँजिओग्राफी करतात, वाहिनी नेमकी कुठे बंद आहे आणि आजूबाजूच्या छोट्या वाहिन्या किती मदत करताहेत ते दिसतं. क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीचा, रिपोर्ट नाही म्हणून ही थांबवायची नसते, इमर्जन्सीत तशीच करतात, घाबरू नका.

पायरी ३: लाल-हिरवा नकाशा, किंवा सुकलेलं आणि जळालेलं पीक

आता मुद्द्याचं. आमच्याकडे पाटाचं पाणी येतं. समजा वरून पाट बंद झाला. पाटाच्या अगदी कडेचं, फक्त त्याच्यावरच जगणारं पीक दोन दिवसात जळतं. थोडं लांबचं मान टाकतं पण जिवंत राहतं, कारण शेजारच्याच्या विहिरीचं थोडं पाणी झिरपून येतंय. पाट पुन्हा सोडला तर मान टाकलेलं उभं राहतं, जळालेलं नाही राहत. मेंदूत हेच होतं. जळालेल्या भागाला कोअर म्हणतात, मान टाकलेल्याला पेनम्ब्रा. ही कल्पना १९८१ मध्ये आस्ट्रप, सायमन आणि सीशो यांच्या पेपरने पक्की झाली. आकड्यात सांगायचं तर १०० ग्रॅम मेंदूला मिनिटाला साधारण ५० मिली रक्त लागतं, ते २० च्या खाली गेलं की तो भाग बंद पडतो पण मरत नाही, १० च्या खाली गेलं की थोड्याच वेळात मरतो. बंद पडलेला आणि मेलेला भाग, दोन्हीमुळे हात लुळाच दिसतो. बाहेरून बघून फरक कळत नाही, तो कळायला स्कॅन.

पर्फ्यूजन स्कॅनमध्ये डाय किती उशिरा पोचतोय ते मोजतात. बऱ्याच सॉफ्टवेअरच्या नकाशात गुलाबी-लाल म्हणजे कोअर समजलेला भाग आणि हिरवा म्हणजे रक्त सहा सेकंदांपेक्षा जास्त उशिरा पोचणारा. मामांचं कोअर १४ मिली, हिरवं ९६. म्हणजे वाचवण्यासारखं पुष्कळ होतं. हिरवं मोठं आणि लाल छोटं असेल तर उशिरा आलेल्या पेशंटचीही गुठळी काढण्यात अर्थ आहे हे २०१८ च्या दोन ट्रायल्सनी दाखवलं, एकीत १६ तासांपर्यंत, दुसरीत २४ तासांपर्यंत. त्याआधी सहा तास उलटले की बऱ्याचदा हात वर करायचे. २०२२-२३ मध्ये तर जपान, चीन आणि अमेरिकेकडच्या ट्रायल्समधून असं आलं की कोअर मोठं असलं तरी काही जणांना फायदा होतो, त्यामुळे "लाल जास्त आहे, काही उपयोग नाही" हे आता डोळे झाकून मान्य करू नका, न्यूरोच्या डॉक्टरांना परत एकदा विचारा.

एक बारीक गोष्ट, लाल म्हणजे मेलंच असंही नाही. अगदी लवकर स्कॅन झाला आणि वाहिनी लवकर उघडली तर लाल दाखवलेल्यातलाही काही भाग दुसऱ्या दिवशी ठीक निघतो. सॉफ्टवेअर रक्ताचा वेग मोजून अंदाज बांधतं, पेशीला हात लावून बघत नाही.

झोपेतून उठताना झालेल्या स्ट्रोकची युक्ती म्हणालो ती अशी. एमआरआयचा डिफ्यूजन नावाचा प्रकार काही मिनिटांतच पांढरा होतो, फ्लेअर नावाचा प्रकार पांढरा व्हायला साधारण साडेचार तास किंवा जास्त घेतो. डिफ्यूजनवर डाग आहे आणि फ्लेअरवर नाही, म्हणजे झटका बहुतेक ताजाच आहे. २०१८ च्या ट्रायलमध्ये अशा पेशंटना इंजेक्शन देऊन फायदा झाला. मेंदूच घड्याळ दाखवतो म्हणा.

पायरी ४: वाहिनी उघडली म्हणजे काम झालं का

कॅथलॅबमधून डॉक्टर बाहेर येऊन "टिकी थ्री" म्हणाले की मिठी मारायला हरकत नाही. टिकी म्हणजे किती भागात रक्त परत गेलं त्याची श्रेणी. २बी म्हणजे निम्म्याहून जास्त, २सी म्हणजे जवळजवळ सगळं, ३ म्हणजे पूर्ण. २बी पासून पुढे यशस्वी धरतात. मामांचं २सी, दहा वाजून पाच मिनिटांनी. कॅलेंडरवरच्या पेन्सिलीपासून बरोबर तीन तास.

पण मोठा पाट सुटला म्हणजे प्रत्येक सरीत पाणी गेलं असं नसतं, सऱ्या गाळाने भरलेल्या असतात. मेंदूतल्या केसाएवढ्या वाहिन्या सुजून किंवा कचऱ्याने बंदच राहतात आणि फोटो सुंदर असूनही माणूस सुधारत नाही. बार्सिलोनाच्या टीमने २०२२ मध्ये गुठळी काढल्यावर त्याच तारेतून थोडं औषध आत सोडून बघितलं ते याचसाठी, आणि निकाल आशादायक होता. त्यामुळे "वाहिनी उघडली मग बाबा बोलत का नाहीत" याचं उत्तर कधी कधी डॉक्टरांचा दोष नसतो, सऱ्यांतला गाळ असतो.

आणि पाणी एकदम सुटलं तर बांधही फुटतो. म्हणून पुढचे चोवीस तास बीपीवर नजर. इंजेक्शननंतर ते १८०/१०५ च्या खाली ठेवतात. मग अजून खाली आणलं तर अजून बरं नाही का, असं मला पण वाटायचं. तसं नाही. गुठळी काढलेल्या पेशंटमध्ये वरचं बीपी १२० च्या खाली दाबून बघणारी चीनमधली २०२२ ची ट्रायल थांबवावी लागली, पेशंटचं नुकसान होत होतं. तेव्हा मॉनिटरवर १५५ दिसलं म्हणून सिस्टरच्या मागे लागू नका.

पायरी ५: चोवीस तासांचा सीटी आणि तो पांढरा पॅच

हा स्कॅन ठरलेला असतो, तब्येत ठीक असली तरी. इंजेक्शन दिलं असेल तर अ‍ॅस्पिरिन बहुतेक हा स्कॅन बघूनच सुरू करतात.

इथे आमच्या घरात गोंधळ झाला. गुठळी काढल्यावर लगेच एक सीटी झाला होता, त्याच्या रिपोर्टात डाव्या बाजूला आत पांढरा पॅच, "रक्तस्राव की डाय" असं प्रश्नचिन्ह. मामेभावाने फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला, अर्ध्या तासात मिरजेहून मावशी निघाल्या, कुणीतरी गावाकडच्या गुरुजींना फोन केला. मी फिल्म खिडकीला धरली तर कडा धूसर, आजूबाजूला दाब नाही, आणि तासाभरापूर्वीच कॅथलॅबमध्ये डाय सोडलेला. वाहिनीची भिंत गळकी झालेली असते, तिथून डाय झिरपून मेंदूत बसतो आणि रक्तासारखाच पांढरा दिसतो. फरक कसा करायचा? थांबून. डाय २४ ते ४८ तासांत विरतो, रक्त तिथेच राहतं. ड्युअल एनर्जी सीटी असेल तर तो आयोडीन (म्हणजे डाय) आणि रक्त लगेच वेगळं करून दाखवतो, पण ते मशीन सगळीकडे नसतं. दुसऱ्या दिवशीच्या सीटीत मामांचा पॅच जवळपास गेलेला. मावशी तोवर पोचल्या होत्या, लाडू घेऊन.

खरंच रक्त निघालं तरी सगळं रक्त सारखं नसतं. रिपोर्टमध्ये एचआय १ किंवा २ असेल तर मेलेल्या भागातच ठिपके किंवा विखुरलेलं पाझरणं, दाब नाही, बऱ्याचदा पेशंटला जाणवतही नाही. पीएच १ म्हणजे गोळा झालंय पण मेलेल्या भागाच्या ३० टक्क्यांपर्यंतच. पीएच २ म्हणजे त्याहून जास्त आणि ढकलतंय. घाबरायचं ते शेवटच्याला. म्हणून डॉक्टरांना "ब्लीडिंग झालंय का" असं न विचारता "कुठल्या प्रकारचं आहे आणि दाब आहे का" असं विचारा, उत्तर वेगळं मिळतं.

पायरी ६: एमआरआय, आणि त्याआधी खिसे

एमआरआयला नेताना कवळी, मंगळसूत्र, कानातलं, करदोड्यातलं ताईत, सगळं काढा. करदोडा लोक हमखास विसरतात. पेसमेकर, ऑपरेशनमध्ये डोक्याच्या आत बसवलेली जुनी क्लिप, कानातलं यंत्र असेल तर आधी सांगा, कार्ड आणा. गुठळी काढताना वापरलेली जाळी बाहेर काढतात, ती आत राहत नाही, त्यामुळे त्याची चिंता नको. मानेच्या वाहिनीत स्टेंट टाकला असेल तर त्याचं कार्ड मात्र दाखवा. पेशंट बेचैन असेल तर आम्ही डिफ्यूजन आधी उरकतो, दोनेक मिनिटांत होतं, पुढचं हललं तरी मुख्य हाताशी असतं.

आता रिपोर्टातले शब्द. पेशीचा पंप बंद पडला की बाहेरचं पाणी आत शिरतं आणि तिथे अडकतं, त्याला हलायला जागा नाही. हे अडकलेलं पाणी डिफ्यूजनवर पांढरं आणि एडीसी नावाच्या जोडीदार फोटोवर काळं दिसतं. पांढरं आणि काळं दोन्ही जुळलं तर डाग ताजा. साधारण आठवडा-दहा दिवसांनी एडीसीचा काळा रंग उडायला लागतो, मध्ये एक दिवस असा येतो की तो अगदी नॉर्मल दिसतो (पेशी बऱ्या झालेल्या नसतात हं, फक्त दोन बिघाड एकमेकांना झाकतात), आणि पुढे तो पांढरा होतो. डिफ्यूजन मात्र त्यानंतरही काही आठवडे पांढरं राहू शकतं. त्यामुळे विसाव्या दिवशी एमआरआय काढला, डिफ्यूजनवर पांढरं दिसलं आणि कुणी म्हणालं "नवीन अटॅक", तर विचारा, एडीसी काळं आहे का? नसेल तर तो जुनाच डाग बोलतोय.

लोकांना अजून एक आशा असते, डाग मिटतो का. गुठळी लवकर निघाली तर डिफ्यूजनवरचा काही डाग काही तासांत फिका होतो हे खरंय, मी स्वतः बघितलंय, सकाळी ठसठशीत आणि दुपारी पुसट. पण त्यातला बराचसा एक-दोन दिवसांनी परत उमटतो. खरंच वाचलेला भाग असतो, पण छोटा. म्हणून पहिल्या दिवशीच्या फिकेपणावर पेढे वाटू नका, अंतिम डागाचा अंदाज दुसऱ्या दिवसानंतरचा स्कॅन जास्त बरोबर देतो. आणि फिका झालेल्या जागीही सगळ्या पेशी वाचल्या असं नसतं, विरळ झालेल्या असू शकतात, जसं पीक उभं दिसतं पण कणसात दाणे कमी.

एसडब्ल्यूआय नावाच्या फोटोत बारीक जुने रक्ताचे ठिपके काळे दिसतात. रक्त पातळ करायच्या गोळ्या ठरवताना डॉक्टर ते बघतात, एवढं माहीत असलं की पुरे.

मामांचा एमआरआय चौथ्या दिवशी. डाग डाव्या बाजूला आत, सुपारीएवढा. ९६ मिली हिरव्यापैकी बहुतेक वाचलं होतं.

पायरी ७: दुसरा ते पाचवा दिवस, सूज

उपचार चांगला झाला, माणूस डोळे उघडून बघायला लागला, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा गुंगीत. घरचे म्हणतात दुर्लक्ष झालं. बहुतेक वेळा ही मेलेल्या भागाची सूज असते, ती तिसऱ्या ते पाचव्या दिवशी शिखराला जाते. कवटी काही ताणत नाही, त्यामुळे मधली रेघ दुसऱ्या बाजूला सरकते, रिपोर्टात मिडलाइन शिफ्ट इतके मिलिमीटर असं येतं. छोट्या डागात याने फारसं बिघडत नाही. मोठ्या डागात जिवावर येतं.

मोठा डाग असेल आणि न्यूरोसर्जन कवटीचा तुकडा काढून ठेवायचा म्हणत असतील तर ते ऐकायला भयंकर वाटतं, पण साठीच्या आतल्या पेशंटमध्ये ४८ तासांच्या आत हे केलं तर जगण्याचं प्रमाण २९ टक्क्यांवरून ७८ वर गेलं, असा युरोपातल्या तीन ट्रायल्सचा एकत्र हिशोब २००७ मध्ये आला. अपंगत्व किती राहील हा प्रश्न वेगळा आणि अवघड, तो आधीच स्पष्ट विचारून घ्या, सही करण्याआधी.

या दिवसांत घरच्यांनी काय बघायचं: हाक मारल्यावर उठायला कालच्यापेक्षा जास्त वेळ लागतोय का, उलटी, एक बाहुली मोठी, डोकं धरणं. यातलं काहीही नवीन दिसलं तर लगेच सिस्टरला सांगा, रात्री दोनलाही. आणि गिळण्याची टेस्ट झाल्याशिवाय तोंडाने काही नाही. लाडू पण नाही, मावशी.

पायरी ८: तिसरा आठवडा, "डाग गेला!"

हा किस्सा मुद्दाम लिहितोय. मामा घरी आल्यावर अठराव्या दिवशी डोकं दुखलं म्हणून मामेभावाने जवळच्या सेंटरमध्ये साधा सीटी काढला. रिपोर्टात जुन्या डागाचा धड उल्लेखच नाही, कारण आधीचे स्कॅन बरोबर नेलेच नव्हते आणि डाग सीटीवर दिसत नव्हता. घरात आनंदीआनंद. डाग गेला म्हणून मामांनी स्वतःच रक्त पातळ करायची गोळी एक दिवसाआड केली, मला पाच दिवसांनी कळलं.

डाग कुठेही गेला नव्हता. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सीटीवर ही गंमत होते, त्याला फॉगिंग म्हणतात, धुक्यासारखं. सूज उतरते, साफसफाईच्या पेशी आणि नव्या बारीक वाहिन्या तिथे गोळा होतात, आणि मेलेला भाग आजूबाजूच्याच रंगाचा दिसायला लागतो. पुढे काही आठवड्यांनी धुकं हटतं आणि डाग पुन्हा दिसतो, आता कायमचा. तेव्हा तिसऱ्या आठवड्यातल्या साध्या सीटीवरून बरं झालं की नाही हे ठरवू नका, आणि कुठेही स्कॅनला जाताना जुनी सीडी न्याच. तुलना करायला काही नसेल तर रिपोर्ट लिहिणारा तरी काय करणार.

गोळ्यांचं स्कॅनशी एक खरं नातं आहे. हृदयाचे ठोके अनियमित असल्याने गुठळी झाली असेल तर रक्त पातळ करायची जोरदार गोळी कधी सुरू करायची हे डागाच्या आकारावर ठरतं. पूर्वी मोठ्या डागाला जवळपास दोन आठवडे थांबायचे. २०२३ च्या एका युरोपियन ट्रायलमध्ये स्कॅनवरून लहान-मध्यम डाग ४८ तासांच्या आत आणि मोठा सहाव्या-सातव्या दिवशी असं लवकर सुरू करून बघितलं, त्रास वाढला नाही. हे ठरवणं डॉक्टरांचं, पण "माझ्या डागाचा आकार बघून तारीख ठरवलीये ना" हे विचारायचा हक्क तुमचा.

पायरी ९: तीन महिने, आणि भोक पडलं म्हणजे काय

तीन-चार महिन्यांनी एमआरआय काढला तर डागाच्या जागी पाण्याची पोकळी, कडेला पांढरा व्रण, शेजारचं पाण्याचं कप्पं थोडं ओढल्यासारखं. रिपोर्टात ग्लायोसिस, एन्सेफॅलोमलेशिया असे शब्द येतात, वाचून लोक रडतात. हे शब्द जुन्या जखमेचा व्रण एवढंच सांगतात. मेलेला भाग परत येत नाही, हे सरळ आहे, कुठल्याही तेलाने, इंजेक्शनने, सलाइनने येत नाही. "पेशी पुन्हा उगवतात" म्हणून हजारो रुपये मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

मग माणूस सुधारतो कसा? मान टाकलेलं पीक पाणी मिळाल्यावर उभं राहतं, ती पहिली सुधारणा, तासा-दिवसांत. सूज उतरते ती दुसरी. तिसरी अशी की डागापासून लांबचा, त्याच्याशी तारेने जोडलेला चांगला भागही धक्क्याने गप्प झालेला असतो, तो हळूहळू बोलायला लागतो. हे १९१४ मध्येच फॉन मोनाकोव्ह यांनी लिहून ठेवलंय, डायॲस्किसिस नावाने. आणि चौथी, शेजारचे भाग नवीन काम शिकतात, त्याला महिने लागतात आणि ते फक्त वापरून होतं. साध्या स्कॅनवर ही चौथी जवळजवळ दिसतच नाही. म्हणून पोकळी तेवढीच आणि माणूस मात्र सुधारलेला, हे रोजचं आहे.

एक साधी गोष्ट घरच्यांनाही बघता येते, मशीन न लावता. पहिल्या ७२ तासांत लुळ्या बाजूचा खांदा थोडा उचलता येतोय का आणि मिटलेली बोटं थोडी उघडता येताहेत का. नेदरलँड्समधल्या २०१० च्या अभ्यासात ज्यांना हे दोन्ही जमलं त्यातल्या ९८ टक्क्यांच्या हाताला सहा महिन्यांनी काहीतरी कौशल्य आलं, ज्यांना एकही जमलं नाही त्यांच्यात २५ टक्के. तो २५ चा आकडा पण वाचा, शून्य नाहीये.

फिजिओ लवकर, पण पहिल्या चोवीस तासांत उठवून चालवायची घाई नको. २०१५ च्या मोठ्या ट्रायलमध्ये फार लवकर आणि फार जास्त उठवलेल्यांचं उलट थोडं वाईट झालं. थोडं थोडं, वारंवार. आणि वाचा गेली असेल तर स्पीच थेरपी मराठीतच करा. मामांना "कप" म्हणता यायचं नाही पण मामींनी "अहो, घ्या" म्हटल्यावर "राहू दे" मात्र स्वच्छ यायचं, चाळीस वर्षांची सवय.

पायरी १०: फाइल, आणि परत स्कॅन कधी

दर महिन्याला "डाग किती भरला" बघायला एमआरआय काढणारे लोक आहेत. पैसे वाया. तीन महिन्यांनी हिशोब माणसाकडे बघून करतात, शून्य ते सहाची एक पट्टी असते, शून्य म्हणजे काहीच त्रास नाही, दोन म्हणजे स्वतःचं स्वतः करतो. नवीन स्कॅन हवा तो नवीन लक्षण आलं तर: नवीन अशक्तपणा, फिट, न थांबणारी डोकेदुखी, पडून डोक्याला मार, आणि पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर किरकोळ मारसुद्धा. ताप किंवा लघवीच्या इन्फेक्शनमध्ये जुनंच अशक्तपण तात्पुरतं वाढतं, तेव्हा तापही मोजा, पण ते घरी बसून ठरवू नका, आधी न्या.

फाइल अशी लावा. प्रत्येक स्कॅनच्या पाकिटावर मोठ्या अक्षरात तारीख, आणि त्याखाली झटक्यापासून किती तास किंवा दिवस. सीडी प्लास्टिकच्या पाकिटात, फिल्मच्या आत कोंबू नका, चरे पडतात. मोबाइलमध्ये रिपोर्टचे फोटो त्याच क्रमाने. कॅथलॅबची सीडी वेगळी मागून घ्या, ती आपणहून कुणी देत नाही.

मामींनी फाइलच्या पहिल्या पानावर कॅलेंडरचं ते पान कापून चिकटवलंय, ७.०५, आणि शेजारी दूध दीड लिटर. पुढचा स्कॅन ठरलेला नाही. मंगळवारी फक्त बीपी, शुगर आणि फिजिओ, आणि दाढी आता मामा डाव्या हाताने करतात, उजव्याने आरसा धरून.